रोग हाल्याला, औषध पखालीला

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषयच असा आहे की दोन ओळींत लिहिला तर गैरसमज जास्त होतील. सवडीनं वाचा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या विश्रांतवाडीचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. कारण काही अभिमानाचं नव्हतं. पुणे पोलिसांनी इथल्या एका गोदामातून पन्नास किलोंहून जास्त एमडी, म्हणजे मेफेड्रोन पकडलं. मिठाच्या आडून माल ठेवलेला होता. धागा पुढे दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत गेला, मग सांगली, मग थेट दिल्ली. सगळा मिळून दीड हजार किलोंहून जास्त माल हाती लागला आणि त्याची किंमत पोलिसांनी हजारो कोटींत सांगितली.

तेव्हापासून आपल्या भागात 'ड्रग्ज' म्हटलं की ते गोदामच आठवतं. साहजिक आहे. धानोरी, टिंगरेनगर, कळस, सगळीकडे पोरं क्लासला, कॉलेजला ये-जा करतात. आईबापांना धास्ती वाटणारच, आणि पोलिसांनी कडक राहावं ही अपेक्षाही रास्तच आहे.

पण ज्या कायद्याखाली ते गोदाम पकडलं गेलं, त्याच कायद्याखाली आणखी दोन गोष्टी येतात. एक, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचं दुखणं थांबवणारं मॉर्फिन. दुसरी, गांजाच्या झाडापासून मिळणारी औषधं. हा कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस, अमली पदार्थविरोधी कायदा. कारखान्यात बनलेली नशेची पावडर, शेतात उगवणारं झाड आणि हॉस्पिटलच्या कपाटातली गोळी, तिन्हीवर लक्ष ठेवायचं काम याच एका कायद्याकडे आहे. त्यामुळे आपल्या डोक्यातही तिन्ही एकाच पोत्यात गेल्या आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पोत्यातून औषध बाहेर काढा. नशेला मोकळीक द्या असं मी म्हणत नाही. गांजा ओढायला परवानगी द्या, दुकानं उघडा, असंही अजिबात म्हणत नाही. ते वाचायच्या आशेनं आला असाल तर निराशा होईल, आणि तसं समजून शिव्या घालायला आला असाल तर जरा थांबा.

आधी मॉर्फिनची गोष्ट, कारण ती घडून गेलेली आहे आणि आपण तिच्यातून शिकू शकतो.

आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश इथे सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. नीमच-मंदसौर भागातला शेतकरी अफू सरकारलाच विकतो. त्या अफूपासून मॉर्फिन बनतं आणि जगभरच्या औषध कंपन्यांना कच्चा मालही जातो. म्हणजे दुखण्यावरचं जगातलं एक उत्तम औषध आपल्याच मातीत उगवतं. आणि ते आपल्याच रुग्णाला मिळत नव्हतं.

का? तर १९८५ चा कायदा आला, त्यात मोठ्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा. पुढे प्रत्येक राज्यानं आपापले नियम केले. हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर बाळगण्याचा परवाना, दुसऱ्या राज्यातून आणायचा परवाना, वाहतुकीचा परवाना, आणि हे सगळे वेगवेगळ्या खात्यांकडून. प्रत्येकाची मुदत वेगळी. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. कागदात चूक झाली तर डॉक्टर थेट गुन्हेगाराच्या रांगेत. मग कोण कशाला या भानगडीत पडेल? हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. मेडिकलवाल्यांनी नाव टाकलं. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते औषध न वापरताच शिकून बाहेर पडली.

परिणाम आकड्यांत दिसतो. त्या कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ मध्ये संपूर्ण भारतात वर्षभरात फक्त १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं. एवढ्या मोठ्या देशात, इतक्या कॅन्सर रुग्णांत, अठरा किलो! आपल्या विश्रांतवाडीच्या एका गोदामात सापडलेल्या एमडीच्या निम्म्याहूनही कमी.

आता मला सांगा, या काळात नशेचा बाजार बंद झाला का? नाही. चोरट्या मार्गानं विकणाऱ्याला परवान्याची गरजच नसते. परवान्याच्या रांगेत उभा होता तो डॉक्टर. आणि त्या रांगेच्या मागे, घरातल्या खाटेवर, रात्र रात्र कण्हणारा माणूस. आपल्याकडे म्हण आहे ना, रोग हाल्याला आणि औषध पखालीला. तसंच झालं हे.

हा गुंता सोडवायला एकोणतीस वर्षं लागली. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं दिल्लीच्या खेपा घालत राहिले. कालिकतच्या त्यांच्या केंद्रानं दोन वर्षांत सतराशेहून जास्त रुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी नेऊन घ्यायला दिल्या आणि त्यात गैरवापराचं एकही प्रकरण आढळलं नाही. हा अनुभव २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेनं कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, नियम देशभर एकच झाले आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच अधिकाऱ्याकडून मान्यता मिळायची सोय झाली. औषध म्हणून वापर व्हावा, ही जबाबदारी तेव्हा पहिल्यांदा कायद्यात स्पष्ट शब्दांत आली.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, मुंबईत टाटा मेमोरियल आहे. तिथे हे काम नीट चालतं. पण हे पुण्या-मुंबईचं झालं. जालन्याच्या, गडचिरोलीच्या माणसाचं काय? आणि आपल्याकडेही घरातल्या माणसाला मॉर्फिन लिहून दिलं की पहिला प्रश्न येतो, "अहो, सवय लागेल ना?" ज्याच्याकडे दोन महिने उरलेत त्याच्याबद्दल हा प्रश्न! कागदावरचा कायदा २०१४ ला बदलला, आपल्या मनातला अजून १९८५ चाच आहे.

आता गांजाकडे येऊ.

बहुतेकांना वाटतं की आपल्याकडे या झाडाला सरसकट बंदी आहे. तसं नाहीये. कायद्यात चरस आणि गांजा या दोन गोष्टी आहेत. चरस म्हणजे झाडाची राळ. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. आपल्या महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो, तिला परवाना लागतो. बियांचं तर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अन्न म्हणूनच मान्य केलं.

आणि मुख्य मुद्दा. याच कायद्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापराला पहिल्यापासून सूट आहे. कलम १० प्रमाणे राज्य सरकार गांजाची लागवड, उत्पादन, वाहतूक यांना परवाना देऊन नियम करू शकतं. म्हणजे दिल्लीत कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही. दार १९८५ पासून आहे. त्याला कडी कुठली, चावी कोणाकडे, आत कोणाला सोडायचं, हे राज्यानं ठरवायचं आहे. उत्तराखंडनं २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या शेतीचा पहिला परवाना दिला. हिमाचलनं समिती नेमली, २०२४ मध्ये विधानसभेत ठराव केला आणि नंतर कृषी विद्यापीठांकडे अभ्यासाचं काम सोपवलं. शेजारच्या गोव्यात २०२० च्या शेवटी औषधी लागवडीचा प्रस्ताव विधी खात्यानं तपासला, एवढी बातमी आली आणि गदारोळ झाला. सरकारनं माघार घेतली. तिथे चर्चा रुग्णावर झालीच नाही, पर्यटकांवर झाली.

महाराष्ट्रात काय? आपल्याकडे गांजा म्हटलं की फक्त पोलीस खात्याचा विषय. शिरपूरच्या बाजूला सातपुड्यात दरवर्षी गांजाची शेतं उपटतात, ओडिशा-आंध्रकडून आलेला माल पुण्यात पकडतात. ते करायलाच हवं. पण आरोग्य खात्याला या विषयावर काय वाटतं, हे कोणी विचारल्याचं आठवतंय का तुम्हाला?

"पण खरंच यात औषध आहे का, की सगळं थोतांड?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. काही बाबतीत नक्की आहे. लहान मुलांना होणारे आकडीचे काही दुर्मिळ आणि हट्टी आजार असतात, ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो. दिवसाला कित्येक फिट्स येतात, नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत. त्यांच्यासाठी या झाडातल्या सीबीडी या घटकाचं शुद्ध औषध अमेरिकेनं २०१८ मध्ये मंजूर केलं. सीबीडीनं नशा येत नाही. नशा येते ती टीएचसीनं. पण त्या टीएचसीचंही केमोच्या मळमळीवरचं औषध अमेरिकेत १९८५ मध्येच मंजूर झालं होतं. ज्या वर्षी आपण कायदा केला त्याच वर्षी. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडतात, त्यासाठीचा तोंडात मारायचा फवारा ब्रिटननं २०१० मध्ये मान्य केला.

बाकी ठिकाणी पुरावा कच्चा आहे. जुनाट दुखण्याबद्दल अमेरिकेतल्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये अनुकूल मत दिलं, तर दुखण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये 'पुरावा अपुरा आहे, आम्ही शिफारस करत नाही' असं सांगितलं. झोप, चिंता, मधुमेह, कॅन्सर बरा होणं, असले दावे तर सोडूनच द्या. आणि धोके खरे आहेत. कोवळ्या वयात टीएचसीचा नेहमीचा वापर, घरात मानसिक आजाराचा इतिहास, हे मिश्रण वाईट. सीबीडीसुद्धा निरुपद्रवी नाही. आकडीच्या इतर गोळ्यांशी तिचं जुळत नाही असं होतं, यकृतावर ताण येतो. रक्त तपासत राहावं लागतं. म्हणजे डॉक्टर हवाच.

आणि गंमत बघा. ज्याला पुरावा आहे ते औषध आपल्याकडे चर्चेतही नाही, आणि ज्याला पुरावा नाही ते मोबाइलवर घरपोच मिळतंय. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. तिचा उल्लेख जुना आहे. औषध नियमांतही ती विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या' अशा सूचनेसह मान्य आहे. या वाटेनं 'विजया अर्क', 'कॅनाबिस तेल' अशी उत्पादनं ऑनलाइन विकली जातात. काही कंपन्या नीट काम करत असतीलही. पण बाटलीत सीबीडी किती, टीएचसी किती, हे प्रत्येक घाणीला कोण तपासतं? पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी मिळते, त्याला देखरेख म्हणायचं का? फिट्स येणाऱ्या मुलाची आई हताश होऊन अशी बाटली मागवते आणि चालू गोळी स्वतःच बंद करते, तेव्हा जे होऊ शकतं त्याला जबाबदार कोण? गोदामावर धाड टाकायला पोलीस आहेत. या बाटलीकडे बघायला कोणीच नाही.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. बंदी आहे असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात बेवारस कारभार आहे.

"एकदा दार किलकिलं केलं की पूर येतो, थायलंड बघा," असं काही जण म्हणतील. जरूर बघा. थायलंडनं २०१८ मध्ये वैद्यकीय वापर मान्य केला तोवर ठीक होतं. जून २०२२ मध्ये नीट कायदा तयार नसतानाच गांजा अमली यादीतून काढला. गल्लोगल्ली हजारो दुकानं उभी राहिली. शेवटी जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आणावी लागली. यातून शिकायचं ते हे की नियम आधी, दार नंतर. ब्रिटननं उलटी चूक केली. आकडीच्या मुलांच्या आयांनी लढा दिल्यावर २०१८ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांना औषध लिहायची परवानगी मिळाली, पण सरकारी दवाखान्यात ते मोजक्यांनाच मिळतं, खासगी दवाखान्यांत पैसे भरून मिळतं. म्हणजे परवानगी सगळ्यांना, औषध पैसेवाल्याला.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे. त्या सीबीडीच्या औषधाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत होती वर्षाला सुमारे साडेबत्तीस हजार डॉलर. आपल्या वस्तीतल्या कोणाला परवडेल? स्वस्त औषधं बनवून जगाला पुरवणारा देश म्हणून आपण मिरवतो. मग हे आपल्याकडेच बनायला नको? जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेत या झाडावर संशोधन चालू आहेच.

एक जुनी आठवणही करून द्यावीशी वाटते. १८९३ मध्ये इंग्रज सरकारनं भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्यानं देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, त्यात आपल्या मुंबई इलाख्यातल्याही होत्या. १८९४ च्या अहवालात निष्कर्ष काढला की सरसकट बंदी गरजेची नाही, नियंत्रण ठेवा, कर लावा. त्यांचा निष्कर्ष आज जसाच्या तसा घ्या असं नाही. झाडही तेव्हाचं राहिलं नाही, आजचा गांजा जास्त कडक आहे. पण निर्णयाआधी माणसांना विचारायची, आकडे गोळा करायची पद्धत तरी घेऊ. संयुक्त राष्ट्रांत २ डिसेंबर २०२० ला गांजा सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारतानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं. तिकडे एक भूमिका आणि इकडे तोंडावर बोट, हे किती दिवस?

मग मागायचं काय? माझ्या मते पाच गोष्टी.

एक, मॉर्फिन आधी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची गोळी आणि ती देणारा प्रशिक्षित डॉक्टर आहे का, हे राज्य सरकारनं जाहीर करावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

दोन, आरोग्य खात्यानं मेंदूविकार, कॅन्सर, वेदनाशमन आणि मनोविकार या विषयांतल्या डॉक्टरांची समिती नेमावी. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन तिच्यात असावं, पण अध्यक्ष डॉक्टर असावा.

तीन, ज्याला पुरावा आहे तेवढंच आणि तेवढ्याच आजारांना, तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, ठरलेल्या सरकारी रुग्णालयांतून, नोंदवहीसह द्यावं. ओढायचा गांजा यात कुठेही नाही.

चार, 'विजया'च्या नावानं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर सरकारमान्य प्रयोगशाळेचा तपासणी आकडा सक्तीचा करावा. खोटे दावे करणाऱ्यांवर कारवाई करावी.

पाच, ज्यांचा पुरावा कच्चा आहे त्यांच्यासाठी आपल्या मेडिकल कॉलेजांत चाचण्या व्हाव्यात. उत्तर नाही आलं तर नाही म्हणा. पण तपासून नाही म्हणा.

तुळशीत भांग शोधायची आपल्याला सवय आहे. इथे भांगेत तुळस आहे का, ते शोधायचं काम आहे. असेल तेवढी घ्यायची, बाकीचं उपटून टाकायचं.

शेवटचं. येत्या निवडणुकीत उमेदवार दारात येतील. 'आमचा प्रभाग नशामुक्त करू' असं प्रत्येक जण म्हणेल. टाळ्या जरूर वाजवा. पण सोबत एक प्रश्न विचारा: आपल्या भागातल्या कॅन्सरच्या रुग्णाला रात्री दोन वाजता दुखणं असह्य झालं तर मॉर्फिनची गोळी सर्वांत जवळ कुठे मिळते? उत्तर आलं तर मलाही कळवा, इथेच कमेंटमध्ये लिहू. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

मतभेद असतील तर मोकळेपणानं मांडा. फक्त मुद्द्यावर बोला.